भाडं की हप्ता? ८० लाखांच्या टूबीएचकेचा हिशोब

हिशोबनीस

"भाडं म्हणजे दर महिन्याला मुठेत सोडलेले पैसे. त्यात थोडे घालून हप्ता भरला तर घर तरी आपलं होतं." हे वाक्य चहाच्या टपरीपासून साखरपुड्यापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. यातले 'थोडे घालून' म्हणजे नक्की किती, एवढ्यासाठीच हा धागा.

उदाहरण: पुणे मनपा हद्दीत दहाएक वर्षं जुन्या इमारतीतला टूबीएचके. किंमत ८० लाख. त्याच इमारतीत तसाच फ्लॅट भाड्याने २३ हजार, अनामत ६० हजार. (आकडे उदाहरणादाखल आहेत. कोथरूड विरुद्ध वाकड कृपया वेगळ्या धाग्यावर.)

घेताना किंमत सोडून जाणारे पैसे: मुद्रांक शुल्क ५ टक्के, स्थानिक संस्थेचा अधिभार १ आणि मेट्रोचा १, म्हणजे ७ टक्के, ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार. दलाली १ टक्का धरली तर ८० हजार. वकिलाचा शोध अहवाल, बँकेची प्रक्रिया फी, गहाणाचं मुद्रांक वगैरे ४० हजार. एकूण ७ लाख १० हजार. रंगकाम, ट्रॉल्या, कपाटं यात नाहीत.

कर्ज ६० लाख, ८.५ टक्के, २० वर्षं. हप्ता ५२,०६९. पहिल्या हप्त्यातले ४२,५०० व्याज आणि ९,५६९ मुद्दल. पहिल्या वर्षात साधारण ५.०५ लाख व्याज जातं आणि मुद्दल जेमतेम १.१९ लाख फिटतं.

आता मालकाचे वर्षाला परत न येणारे पैसे: व्याज ५.०५ लाख. स्वतःचे घातलेले २७.१ लाख एफडीत ७ टक्क्यांनी असते तर मिळाले असते ते १.९० लाख. मेंटेनन्स ४२ हजार. मालमत्ता कर आणि किरकोळ दुरुस्ती १८ हजार. बेरीज ७.५५ लाख, महिन्याला जवळपास ६३ हजार. भाडेकरूचे परत न येणारे: भाडं २.७६ लाख आणि अनामतीवरचं बुडालेलं व्याज, मिळून २.८० लाख.

फरक पावणेपाच लाखांचा. म्हणजे फ्लॅटची किंमत वर्षाला ५.९ टक्के वाढली तर पहिल्या वर्षी दोघे बरोबरीत. माझं मत असं की तुलना भाडं विरुद्ध हप्ता अशी नकोच. दोन्हीकडे परत न येणारं काय, एवढंच पाहावं. चुकत असेल तर दाखवा.

पैपैसा

दोन चुका, एकमेकींच्या विरुद्ध दिशेच्या.

एक, ते ७.१ लाख तुम्ही नुसते गुंतवणुकीत धरलेत. ते गेलेत, विकताना परत मिळणार नाहीत. सात वर्षं राहणार असाल तर वर्षाला एक लाख मालकाच्या खात्यात वाढवा. दोन वर्षांत बदली झाली तर वर्षाला साडेतीन लाख.

दोन, एफडीच्या व्याजावर कर लागतो. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये ७ चे ४.९ उरतात. म्हणजे १.९० च्या जागी १.३३ लाख.

दोन्ही धरून फरक ५.२ लाखांच्या आसपास येतो, आणि बरोबरीसाठी किंमत साडेसहा टक्क्यांनी वाढायला हवी. दरवर्षी, न चुकता.

गच्चीवरची

आणि भाडं २३ हजारांवर थिजून राहणार का? करारात दरवर्षी ५ टक्के वाढ लिहिलेलीच असते. दहा वर्षांनी ते ३७ हजार, सतरा वाढींनंतर ५२,७०० होतं, म्हणजे हप्त्याच्या पुढे जातं. हप्ता मात्र तोच राहतो. विसाव्या वर्षानंतर तर तोही नाही, फक्त मेंटेनन्स. पहिल्या वर्षाचा फोटो काढून अख्ख्या पिक्चरचं परीक्षण लिहू नका.

बोळातला बंडू

एवढ्या प्रतिसादांत 'घर पाहावे बांधून' अजून कुणी लिहिलं नाही? लिहितो. झालं. आता बोला.

कर्जखाते

गच्चीवरची, 'हप्ता तोच राहतो' हे अर्धंच खरं. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जात हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवतात, म्हणून लक्षात येत नाही. वरच्याच कर्जाचा दर सुरुवातीलाच ८.५ चा ९.५ झाला आणि हप्ता ५२,०६९ च ठेवला, तर २४० चे ३०९ हप्ते होतात. पावणेसहा वर्षं वाढली आणि खात्यातून कापली जाणारी रक्कम तीच! रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे विचारणं बँकेला बंधनकारक आहे. पर्याय लेखी कळवा. न कळवल्यास बहुधा मुदतच वाढते.

दुसरं, दहा वर्षं नियमित हप्ते भरल्यावर, म्हणजे साडेबासष्ट लाख देऊन झाल्यावर, ६० लाखांपैकी ४२ लाख शिल्लक असतात. पाच वर्षांनी ५२.९ लाख. 'निम्मी मुदत झाली, निम्मं कर्ज फिटलं' असं धरून घर बदलायला निघालेले इथेच अडकतात.

उपायही सोपा आहे. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व परतफेडीचा दंड नाही. दरवर्षी एक हप्ता जादा भरला तर २० वर्षांचं कर्ज साडेसोळा-सतरा वर्षांत संपतं. मात्र जादा रक्कम भरताना 'मुदत कमी करा' असं स्पष्ट लिहून द्या, नाहीतर पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ जमा म्हणून ती पडून राहण्याची शक्यता असते.

सोनचाफा_७

मुळात २७ लाख रोख कुठून आणायचे, हा प्रश्न कुणी विचारतच नाहीये. बँक ९० टक्के देते ना?

कर्जखाते

९० टक्के फक्त ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला. ३० ते ७५ लाखांपर्यंत ८०, त्यापुढे ७५ टक्के. आणि हे टक्के घराच्या किमतीवर. मुद्रांक आणि नोंदणी त्यात धरत नाहीत (अगदी छोटी घरं सोडून). म्हणजे ८० लाखांच्या घराला फार तर ६४ लाख. उरलेले १६ आणि वरचे सात तुमचेच. हे सात वैयक्तिक कर्ज काढून भरायचा मोह होतो. ते करू नये. त्याचा दर गृहकर्जापेक्षा बराच चढा असतो आणि पहिल्याच वर्षी दोन हप्ते मानगुटीवर बसतात.

मूल्यांकन हाही एक फटका असतो. सौदा ८० ला ठरला आणि बँकेच्या मूल्यांककाने ७४ लिहिले तर टक्के ७४ वर निघतात. वरचे सगळे रोख.

टिळक रोड

सोपं उत्तर: भाड्याने राहा, ११ महिन्यांचा करार करा, स्टँप पेपरवर नोटरी मारा, पाचशे रुपयांत काम. ११ महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही. कशाला एवढे आकडे!

दस्तवाली

टिळक रोड, हा समज इतर राज्यांतून आलाय. महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, ११ महिने असो की ३६. जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू अटींबद्दल जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरतात. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

आणि खर्च असा किती? मुद्रांक ०.२५ टक्के. वरच्या उदाहरणात २३ हजार गुणिले ११ म्हणजे २ लाख ५३ हजार, त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी ११ महिन्यांचे ५,५०० मिळवा. २ लाख ५८ हजार ५०० चे पाव टक्का, साडेसहाशेच्या आसपास. मनपा हद्दीत नोंदणी फी १,०००. आधार आणि बोटाचा ठसा घेऊन घरबसल्या होतं. एजंट जे तीन-साडेतीन हजार घेतो त्यातला मोठा भाग त्याची मजुरी असते.

याच दराने ६० महिन्यांपर्यंतचा करार करता येतो. मुलांच्या शाळेमुळे तीन वर्षं तिथेच राहायचं असेल तर सरळ ३६ महिन्यांचा करा. वाढीचा दर आत लिहून घ्या. लॉक-इन किती महिने, त्यानंतर नोटीस किती दिवसांची, हे दोन्ही बाजूंना सारखं लागू आहे का ते तपासा. बऱ्याच छापील मसुद्यांत लॉक-इन फक्त भाडेकरूला असतं आणि मालक मात्र महिन्याच्या नोटिशीवर बाहेर काढू शकतो. अशा वेळी तीन वर्षांच्या कराराला अर्थ उरत नाही.

मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं नुकसानभरपाई म्हणून लागतं. हा मजकूर भाडेकरूंसाठी.

टिळक रोड

बरं. चूक मान्य. (हा प्रतिसाद फ्रेम करून ठेवा, पुन्हा मिळणार नाही.)

अनामत रक्कम

दस्तवालींच्या पुढे जोडतो, कारण भाड्यात खरी भांडणं अनामतीवरून होतात. ताबा घेताना हे करा: पंखे, गीझर, ट्यूब, पडद्यांचे रॉड, किल्ल्यांचे जोड यांची यादी करारालाच जोडा. भिंतींचा, बाथरूमच्या फरशीचा आणि सिंकच्या खालच्या भागाचा व्हिडिओ काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. महावितरणच्या मीटरचं रीडिंग फोटोत दिसलं पाहिजे. आधीची थकबाकी शून्य आहे का, हे ग्राहक क्रमांक टाकून लगेच कळतं.

रंगकामाचे पैसे कापायचे की नाही हे करारात एका ओळीत लिहा. 'नेहमीच्या वापराची झीज वगळून' हे शब्द असायलाच हवेत. ते नसतील तर तीन वर्षं राहून सोडताना एक महिन्याचं भाडं रंगाच्या नावाखाली जातं.

बिनवापर शुल्क कुणी द्यायचं तेही लिहा. सोसायटी भाड्याने दिलेल्या फ्लॅटवर ते लावते, पण २००१ च्या शासन आदेशाने मर्यादा सेवाशुल्काच्या १० टक्के आहे. अख्ख्या मेंटेनन्स बिलाच्या नाही. सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, मनपाचे कर यांवर १० टक्के लावले असतील तर ते चूक.

बोळातला बंडू

म्हणजे भाडेकरूने घरात पाऊल टाकायच्या आधी पंचनामा करायचा. सत्यनारायणाऐवजी.

वाघोलीकर

पाण्याचं कुणी बोललं नाही. नवीन हद्दीतल्या सोसायट्यांत मेंटेनन्स ३,५०० सांगतात आणि मार्च ते जून टँकरचं वेगळं बिल निघतं. घेणाऱ्यांनी मागच्या उन्हाळ्याची बिलं सोसायटीकडे मागावीत. भाड्याने राहणाऱ्याने टँकर कुणाच्या खिशातून हे आधी विचारावं.

हिशोबनीस

वाघोलीकर, कबूल, ४२ हजार काही ठिकाणी कमी पडतील. मालमत्ता करातही एक बारीक गोष्ट आहे. पुण्यात स्वतः राहत असाल तर करयोग्य मूल्यात ४० टक्के सवलत मिळते, त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. जुना फ्लॅट घेताना आधीच्या मालकाने तो भाड्याने दिलेला असेल तर सवलत गेलेली असते. नाव बदलताना हा अर्जही देऊन टाका.

सोनचाफा_७

बांधकाम चालू असलेला घेतला तर स्वस्त पडतो ना?

पैपैसा

दिसतो स्वस्त. त्यावर जीएसटी ५ टक्के, ८० लाखांवर ४ लाख. (४५ लाखांच्या आतली, लहान चटईची परवडणारी घरं असतील तर १ टक्का.) पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घराला आणि जुन्या घराला जीएसटी नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत सध्याचं भाडं चालू आणि बँकेने सोडलेल्या रकमेवरचं व्याजही चालू. ताबा दोन वर्षं लांबला तर २३ हजारांप्रमाणे साडेपाच लाख भाडं त्या फ्लॅटच्या किमतीत धरायला हवं.

रेरा कायद्याने घर घेणाऱ्याला दिलेली तीन हत्यारं तेवढी विसरू नका. विक्री करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. दर चटई क्षेत्रावर बोलायचा, सुपर बिल्टअपवर नाही. आणि ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती बिल्डरने फुकट करून द्यायची. गळतीची तक्रार लेखी द्या, तोंडी सांगून पाच वर्षं निघून जातात.

दस्तवाली

आणि उघड्या पार्किंगचे पैसे वेगळे मागितले तर देऊ नका. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच सांगितलंय, उघडी जागा बिल्डरला विकता येत नाही.

घर पत्नीच्या, आईच्या, बहिणीच्या नावावर, म्हणजे सगळे खरेदीदार स्त्रियाच असतील, तर मुद्रांकात १ टक्का सवलत आहे. इथे ८० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. कर्जात सहअर्जदार राहायला हरकत नाही, पण बँकेला आधी विचारा. काही बँका उत्पन्न ज्याचं त्याचं नाव दस्तात मागतात.

टिळक रोड

८० हजारांसाठी घर बायकोच्या नावावर! धागा आता कौटुंबिक न्यायालयात.

गच्चीवरची

टिळक रोड, तसंही घर कुणाचं चालतं हे सातबारा बघून ठरत नाही.

सॅन होजे

परदेशात असलेल्या मालकाचा फ्लॅट भाड्याने घेणाऱ्यांसाठी एक सूचना. भारतातला रहिवासी मालक असेल तर महिन्याला ५० हजारांपुढच्या भाड्यावरच भाडेकरूला कर कापावा लागतो, सध्या २ टक्के. मालक अनिवासी असेल तर ही ५० हजारांची मर्यादा नाही. २३ हजारांवरसुद्धा ३० टक्के आणि वर उपकर कापून भरायचा असतो. न कापल्यास जबाबदारी भाडेकरूवर येते. विकत घेताना तर आणखी जपा: ५० लाख आणि पुढच्या घराला १ टक्का कापायचा तो नियम रहिवासी विक्रेत्यासाठी. अनिवासी विक्रेत्याला पैसे देताना कर बराच जास्त कापावा लागतो. त्याच्याकडून कमी कपातीचं प्रमाणपत्र आधी मागा.

कर्जखाते

आयकर सवलतीवर घर घेणाऱ्यांनी एवढं पाहा: स्वतः राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांची वजावट फक्त जुन्या प्रणालीत आहे. घरभाडे भत्त्याची सूटही तिथेच. नव्या प्रणालीत गेलात तर दोन्ही बाजूंचा तो मुद्दा संपला आणि हिशोबनीसांचा तक्ता जसाच्या तसा लागू.

मानीव

सगळे आकडे दर, हप्ता आणि भाड्यावर चाललेत. दहा-वीस वर्षं जुनी इमारत घेताना आपण नक्की काय घेतोय ते बघा. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? म्हणजे अभिहस्तांतरण. ते नसेल तर सातबारावर किंवा प्रॉपर्टी कार्डावर अजून मूळ मालकाचं किंवा बिल्डरचं नाव असतं, आणि पुनर्विकासाच्या वेळी सोसायटी अडते. मग मानीव (बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या) अभिहस्तांतरणासाठी जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज, कागद, हेलपाटे.

जमीन नावावर असेल तर गणित बदलतं. पुनर्विकासाला आता ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, ती २०१९ च्या शासन निर्णयाने खाली आली. जादा चटई, बांधकाम चालू असताना मिळणारं भाडं, कॉर्पस (बिल्डर देतो ती एकरकमी रक्कम), हे सगळं सभासदाला मिळतं. भाडेकरूला मुदतीपर्यंतची नोटीस मिळते. पैपैसांच्या साडेसहा टक्क्यांच्या रकान्यात हे कुठेच बसत नाही, आणि जुन्या पेठांत, डेक्कनला लोक जुने फ्लॅट चढ्या भावात घेतात ते यासाठीच.

उलटंही आहे. अरुंद रस्त्यावरची, लहान प्लॉटची इमारत असेल तर पुनर्विकासाला कुणी फिरकत नाही. रस्त्याची रुंदी स्वतः टेप लावून मोजा, जाहिरातीतली धरू नका.

घेताना मागायचे कागद: आधीच्या सगळ्या दस्तांची साखळी आणि प्रत्येकाची सूची दोन (इंडेक्स टू, दस्ताच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, आधीच्या कर्जाचा बोजा उतरल्याचं पत्र. हस्तांतरणाचा प्रीमियम कमाल २५ हजार. 'देणगी' म्हणून लाख मागणारी सोसायटी भेटली तर पावती मागा. पावती म्हटलं की आकडा खाली येतो.

सोनचाफा_७

सगळं वाचलं. मूळ प्रश्नाचं उत्तर? घेऊ की भाड्याने राहू?

पैपैसा

उत्तर तीन आकड्यांत आहे. वर्षाचं भाडं भागिले किंमत (इथे २.७६ भागिले ८०, म्हणजे ३.४५ टक्के). कर्जाचा दर. आणि किती वर्षं हलणार नाही. भाड्याचा टक्का ३ च्या आसपास, कर्ज साडेआठने आणि पाच वर्षांत हलायची शक्यता असेल तर भाड्याने राहा. दहा वर्षं नक्की, कर्ज निम्म्याहून कमी, तर घ्या. मधले सगळे वाद घालायला मोकळे.

भाड्याने राहणाऱ्यांना एक अट. हप्ता आणि मेंटेनन्स मिळून ५५,५०० मधून भाडं वजा जाता दर महिन्याला ३२,५०० उरतात. ते १ तारखेलाच बाहेर गेले पाहिजेत. खात्यात राहिले तर भाड्याच्या बाजूचं गणित बिर्याणीत जातं.

बोळातला बंडू

ही वैयक्तिक टीका आहे.

गच्चीवरची

भाड्याचा टक्का काढायचा तर दलालाने सांगितलेले आकडे धरायचे का? तो भाडंही फुगवून सांगतो आणि किंमतही.

दस्तवाली

नाही, खरे आकडे फुकट मिळतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर 'ई-सर्च'मध्ये विनामूल्य शोध आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक टाका. मिळकत क्रमांकात सर्व्हे नंबर किंवा सिटीएस नंबर चालतो, फ्लॅट नंबर घातलात तर बहुतेकदा काही सापडत नाही. यादीत दस्ताचा प्रकार दिसतो. 'करारनामा' किंवा 'खरेदीखत' उघडलं की सूची दोनमध्ये मोबदला आणि बाजारभाव वेगवेगळे दिसतात, त्यातला मोबदला धरा. त्याच यादीत '36-अ-लिव्ह अॅड लायसन्सेस' असे दस्त असतात, त्यांत भाडं आणि अनामत लिहिलेली असते. एकाच इमारतीतले मागच्या वर्षातले तीन-चार करारनामे आणि तीन-चार लायसन्स काढा, चटई क्षेत्र जुळतंय ना बघा, आणि भागाकार करा.

यादी यायला वेळ लागतो, पान मध्येच बंद पडतं. रात्री अकरानंतर प्रयत्न करा. आणि 'अँड'च्या डोक्यावरचं टिंब तिकडेच गायब आहे, ती माझी चूक नाही.